सुंठमावशीचा अंगठा

आभाळ रात्रीपासून दाटलेलं होतं, पण पडायचं नाव नव्हतं. सुंठेच्या शेडला असलं आभाळ परवडत नाही. पडणार असेल तर पड म्हणावं, ताडपत्र्या ओढून मोकळं होता येतं. उघडणार असेल तर ऊन तरी दाखवता येतं. हे नुसतंच डोक्यावर ठाण मांडून बसलेलं, चहाही नको म्हणणाऱ्या आणि उठायलाही तयार नसलेल्या पाहुण्यासारखं. शेडमागच्या सिमेंटच्या अंगणात अर्धवट वाळलेलं आलं पसरलेलं होतं आणि सुंठमावशी लाकडी दाताळ्यानं ते खालवर करत या टोकाकडून त्या टोकाला चालली होती. मधेच वाकून एखादी कांडी उचलायची, मोडून बघायची. वाळलेली कांडी कट्‌कन मोडते. ही नुसती वाकत होती.

"डोळ्यात तेल घालून बघा गं," ती आत बसलेल्या बायांना ओरडून म्हणाली. "ओल धरली तर उद्या सगळ्याला बुरशी."

"पण जाऊबाई," आतून तिच्या धाकट्या जावेचा आवाज आला, "तुमचं आलं जगातले सगळे जंतू मारतं ना? मग त्यालाच बुरशी कशी येते?"

"डॉक्टर कधी आजारी पडत नाही का?"

बाया हसल्या. जाऊही हसली. या दोघींचं हे रोजचं होतं. एकाच घरात दोन भावांना दिलेल्या आणि एकाच शेडमध्ये समोरासमोर बसून आलं खरवडणाऱ्या दोन बायकांना बोलण्यासारखं नवं काही उरत नाही, तेव्हा जुनंच उलटसुलट करून बोलावं लागतं, अंगणातल्या आल्यासारखं.

सुंठमावशी हे नाव तिला शेडनं दिलं. अंगानं ती वाळकी, रंगानं मातकट आणि बोलायला झणझणीत, म्हणून ते पडलं असं नव्या बायांना वाटायचं. खरं कारण वेगळं होतं. पूर्वी शेडवर एक मुकादम होता, बायांच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडून बघायची सवय असलेला. बायांनी मिळून मालकाकडे तक्रार घेऊन जायचं ठरवलं आणि त्याच सकाळी तो मुकादम स्वतःच काम सोडून गेला. मालकाच्या खोलीच्या दारातून मागं वळत ही म्हणाली, "चला, सुंठीवाचून खोकला गेला." शेड हसून हसून लोळली, आणि तेव्हापासून ही सुंठ. वय वाढलं तशी मावशी.

कामाला ती लग्नानंतर लागली. सासूच इथं काम करायची, तिनंच आणून बसवली. काम बघायला सोपं. रात्रभर हौदात भिजलेलं आलं सकाळी टोपल्यांतून समोर येतं. त्याची वरची साल खरवडायची, पण चाकूनं नाही, लोखंडानं आलं काळं पडतं. त्यासाठी बांबूची कामटी, एका बाजूनं धार काढलेली आणि पुढं टोक केलेली. साल कागदाइतकी पातळच निघाली पाहिजे, कारण आल्याचं तेल सालीच्या लगेच खाली असतं. जास्त खरवडलं तर वास आणि तिखटपणा सालीबरोबर उकिरड्यावर. कमी खरवडलं तर नीट वाळत नाही. हा सगळा हिशेब उजव्या हाताच्या अंगठ्यात. बोटं कामटी धरतात, पण दाबायचं किती हे अंगठा ठरवतो. सुंठमावशीचा अंगठा टोकाला जरा चपटा झाला होता आणि त्याच्या चामडीवर रेघा उरल्या नव्हत्या.

आणि हात पेटतात. नव्या बाईला पहिले काही दिवस रडूच फुटतं. रस चामडीत मुरतो, घरी जाऊन धुतले तरी पेटतात, चुकून डोळ्याला लागला तर बाई घरभर नाचते. पुढं सवय होते. म्हणजे पेटणं थांबत नाही, त्याच्याकडं लक्ष जायचं थांबतं.

या पेटण्यातूनच शेडचा एक नियम झाला होता. आल्याच्या हाताला पू होत नाही. कामटी निसटून कुणाचं बोट कापलं की त्या बाईनं उठून सुंठमावशीपुढं हात करायचा. मावशी समोरच्या टोपलीतला रसरशीत गड्डा निवडायची, तो दगडावर ठेचायची आणि मुठीत पिळून रस जखमेवर सोडायची. बाई बोंब मारायची. बाकीच्या म्हणायच्या, "जंतू ओरडतायत गं, तू नाही." मग दोघी परत कामाला. सासूनं हे तिला शिकवलं होतं आणि सासूनंतर ते तिच्याकडं आलं होतं, घरातल्या किल्ल्या याव्यात तसं.

नियम अगदीच हवेतला नव्हता. शेजारी मासळी साफ करायचा कारखाना होता. तिथल्या बायांची बोटं कायम पिकलेली, नखांना नखुर्डी झालेली. शेडमधल्या बायांचे हात खरखरीत, पण स्वच्छ. दोन्हीकडच्या बाया एकाच नळावर पाणी प्यायला यायच्या, तेव्हा सुंठमावशी आपले हात उलटसुलट करून धरायची, बोलायची काही नाही.

घरीही तेच. खोकल्याला आलं, पोटफुगीला आलं, गाडी लागते म्हणून प्रवासात गालात धरायला आलं. भाजी चिरायची फळी ती आल्याच्या तुकड्यानं घासायची. बरं वाटलं तर आल्यानं, नाही वाटलं तर घेणाऱ्यानं नीट चावलं नाही म्हणून. नवरा कुलपं दुरुस्त करायचा, एका जिन्याखाली त्याचं खोकं होतं. बोलणं मोजकं. टक्कल पडायला लागलं तेव्हा त्याच्या डोक्यालाही तिनं रस चोळला होता. केस आले नाहीत. "पण डोक्यात जंतू पण नाहीत," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

तर त्या आभाळाच्या सकाळी पसरलेलं सगळं उलटून झाल्यावर ती आत येऊन खरवडायला बसली. हात चालू, नजर दाराबाहेर आभाळाकडं. पत्र्यावर टपकन काहीतरी वाजलं. पाऊस नव्हता, चिमणी होती. तिची मान वर गेली आणि कामटी गड्ड्यावरून सुटून दुसऱ्या बाजूनं दाबून धरलेल्या उजव्या अंगठ्यात, नखाच्या शेजारच्या मांसात, घुसली. तिनं ती ओढून काढली. रक्त फार आलं नाही. दुसऱ्या बायांना करायची तेच तिनं स्वतःला केलं, रस पिळला, दात आवळून बसली, आणि कामटी बोथट झाली म्हणून ढिगातून दुसरी उचलली. पहिली कामटी सालींबरोबर टोपलीत गेली. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचं टोक जागेवर नाही हे दिसलं असतं.

पुढचे दिवस अंगठा दुखत होता की नाही, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. सगळा हातच पेटत असेल तर त्यातला एक अंगठा जास्त पेटतोय हे कळणार कसं? कामाला बसताना ती त्यावर रस सोडायची, अंगठा वरून वाळून टणक झाला होता. खपली धरली, ती मनाशी म्हणाली.

कळलं सुटीच्या दिवशी. सुटीला शेड बंद, आल्याला हात लागत नाही, आणि दुपारपर्यंत हात थंड पडतात. शेडमधल्या बायांना सुटी खरी त्यातच असते. त्या दुपारी दोन्ही हात निवले आणि उजवा अंगठा तेवढा निवेना. ठणकत होता, छातीतल्या ठोक्याबरोबर. तिनं उजेडात नेऊन बघितला. खपलीखाली टम्म फुगलेला, एका बाजूला पिवळसर. हात वर उचलला तर काखेतही दुखलं. तिथं सुपारीएवढी गाठ आली होती, अवधाण.

अवधाण म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. मासळीवाल्या एका बाईचं बोट असंच सुजलं होतं, काखेत गाठ आली होती, आणि शेवटी ते बोट पेरापासून काढावं लागलं होतं. त्या बाईला आता कारखान्यात फक्त फरशी धुवायचं काम होतं. आणि ते तर बोट. हा अंगठा.

दवाखाना चार गल्ल्या सोडून होता. जायला काय हरकत होती? हरकत होती ती नवीची.

नवी म्हणजे शेडवरची एक तरुण सून. येऊन दोन हंगाम झाले तरी नवीच. मागच्या हंगामात तिच्या तळव्याला चांगली चीर गेली होती आणि ती दवाखान्यात जायला निघाली होती. सुंठमावशीनं तिला दारातून परत आणलं. "दवाखान्यात जायचं तर मासळीच्या कारखान्यात काम बघ," असं सगळ्यांदेखत म्हणाली, रस पिळला, आणि जखम खरंच भरली. नवी तेव्हापासून तिच्या शब्दाबाहेर नव्हती. आता आपणच दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायचं, आणि तो दवाखाना म्हणजे असा की पुढच्या बाकावर बसलेल्याची बातमी मागच्या बाकावरून गावात जाते.

संध्याकाळी तिनं नवऱ्यापुढं चहा ठेवला. डाव्या हातानं.

"उजव्याला काय झालं?"

"कुठं काय."

"दाखव."

"तुम्ही काय बघणार? कुलूप आहे का ते?"

तिनं शेवटी दाखवला. त्यानं चष्मा लावून, किल्लीच्या खाचा बघाव्यात तसा बघितला. दाबला नाही.

"वरून तेल चोपडलेली कुलपं येतात माझ्याकडं," तो म्हणाला. "चकाचक असतात. उघडत मात्र नाहीत."

"मग?"

"मग काय, उघडून बघायचं आत काय मोडलंय. सकाळी लवकर जाऊ. मी येतो." जरा थांबून म्हणाला, "तोंडाला फडकं बांध हवं तर. म्हणजे कुणाला वाटेल मी दुसरीच कुणी घेऊन आलोय."

"तेवढं नशीब नाही तुमचं."

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दोघं पायरीवर होते. डॉक्टरीणबाई तरुण होती, पोटुशी, चेहरा ओढलेला. तिनं अंगठ्यावरचं फडकं सोडलं आणि वास घेतला.

"आलं लावलंत?"

सुंठमावशीनं कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडं बघितलं.

"किती दिवस?"

"रोज," नवऱ्यानं सांगितलं.

डॉक्टरीण रागावली नाही. बधिर करायचं इंजेक्शन अंगठ्याच्या मुळाशी दिलं, मग धनुर्वाताचं दंडात. दंडात टोचताना मावशी कुरकुरली, "रोग हाल्याला आणि औषध पखालीला." डॉक्टरीण हसली, पण हसता हसता तिनं अंगठ्याला चीर दिली आणि पू बाहेर आला तशी तिनं एकदम मान फिरवली. हातातला कापसाचा बोळा तसाच दाबून धरला, दुसऱ्या हातानं टेबलाचा खण ओढला आणि त्यातून एक तुकडा काढून तोंडात टाकला.

तो आल्याचा होता. सुंठमावशीनं वासावरूनच ओळखला.

"दिवस गेल्यापासून मळमळतं," डॉक्टरीण चावत म्हणाली. "सकाळी फार. आल्यानं बरं वाटतं."

"वाटणारच. पण हे कुठून आणलंत? सुकलंय बाई हे. मी देईन पाठवून."

"द्या. पण अंगठ्यावर लावू नका."

मग बोळा काढून तिनं चिमट्यानं आत शोधलं आणि एक बारीक, तांदळाच्या दाण्याहून लांब, काळपट कूस ओढून काढली. ती बशीत ठेवली. बांबूची होती.

मावशीनं मान पुढं करून बशीत बघितलं. "कामटीचं टोक," ती म्हणाली.

"हे आत असताना तुम्ही वरून कितीही रस ओता."

"म्हणजे आल्यात काही नाही?"

"असं कुठं म्हटलं मी? कॉलेजात आम्ही स्वतः करून बघितलं होतं. काचेच्या ताटलीत जंतू वाढवायचे आणि मधे आल्याचा अर्क ठेवायचा. त्याच्याभोवती जंतू वाढत नाहीत, गोल मोकळी जागा राहते. सगळेच जंतू नाहीत, पण काही मरतात. खरं आहे ते." तिनं जखम धुवायला घेतली. "पण तिथं अर्क जंतूंच्या अंगावर असतो, मोजून काढलेला. तुमच्या रसानं वरची कातडी भाजली आणि दार बंद झालं. शिवाय ते आलं मातीतलं, हौदात भिजलेलं. रसाबरोबर त्या पाण्यातलं काय काय आत गेलं असेल ते वेगळंच. काखेत गाठ आहे ना? आणखी थोडं थांबला असतात तर हाडापर्यंत गेलं असतं."

"अंगठा राहील ना?"

"राहील. गोळ्या पूर्ण संपवा, बरं वाटलं म्हणून सोडू नका. रोज पट्टी बदलायला या. भिजवायचा नाही, दाबायचा नाही. पेर थोडं आखडेल कदाचित."

घरी जाताना नवरा म्हणाला, "शेडवर काय सांगणार?"

"दारात सापडला म्हणेन."

"कुठल्या?"

"तुम्हाला काय करायचंय? कुठल्याही."

शेडवर तिनं तेच सांगितलं. खरवडणं बंद होतं, म्हणून मालकानं तिला अंगणातलं काम दिलं. जावेनं पट्टीकडं बघितलं, पट्टीच्या गाठीकडं बघितलं, आणि "दारानं बरी दवाखान्यातली पट्टी बांधून दिली," एवढंच म्हणाली. मावशी दाताळं उचलून अंगणात निघाली. एका घरात राहणाऱ्या जावेला काय माहीत नसतं? पण ती शेडमध्ये पुढं काही बोलली नाही. टोमणा मारणं निराळं आणि उघडं पाडणं निराळं.

असे काही दिवस गेले. काखेतली गाठ बसली, अंगठ्याची सूज उतरली. पट्टी लहान झाली. डॉक्टरीणबाईकडं रोज एक ताजा गड्डा जात होता. रस पिळायचं काम कुणावर आलं नव्हतं, कारण कुणाला लागलं नव्हतं. ते किती दिवस टळणार होतं?

आभाळ अधूनमधून उघडत होतं त्या दिवसांत. एका सकाळी मावशी दारात टोपली घेऊन उभी असताना आतून "आई गं" ऐकू आलं आणि नवी उठून तिच्याकडंच आली. तळहात पुढं केलेला, मधल्या बोटाखाली लाल ठिपका.

"पिळा मावशी," तिनं डोळे मिटून घेतले. "पटकन पिळा."

जावेनं आपल्या टोपलीतला एक गड्डा आपणहून उचलून दगडावर ठेवला. सगळ्यांचे हात थांबले होते. गंमत बघायला थांबतात तसे.

सुंठमावशीनं गड्ड्याला हात लावला नाही. "कामटी कुठाय तुझी?"

"अं?"

"कामटी. लागली ती. आण."

नवीनं डोळे उघडले, जाऊन कामटी आणली. मावशीनं ती उजेडात धरली. टोकावर आडवी, ताजी, पांढरी मोड होती.

"तुकडा बघा हिच्या टोपलीत."

दोघीतिघींनी साली चाळल्या. तुकडा नव्हता. मावशी नवीला नळावर घेऊन गेली, साबणानं हात धुवायला लावला, भोवती बोट फिरवून बघितलं. एका जागी नवी कळवळली.

"आत आहे. दवाखान्यात जा."

"दवाखान्यात?" नवीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पण मावशी, तुम्हीच तर... मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी आत काही नव्हतं. नशीब तुझं."

"रस तरी लावा."

"नाही लावायचा."

कोपऱ्यातली एक म्हातारी, सासूच्या वेळची, पुटपुटली, "आल्याच्या हाताला पू होत नाही म्हणतात."

मावशीनं दातानं पट्टीची गाठ सोडली. पट्टी सगळी उलगडली आणि अंगठा सगळ्यांपुढं धरला. चीर भरत आली होती, पण मांस अजून लाल होतं आणि बाजूचं कातडं सोलपटून निघत होतं.

"झाला होता," ती म्हणाली. "वाटीभर. आणि हा दारात सापडला नव्हता. आत कामटी होती आणि मी वरून रस ओतत बसले होते."

बाया जवळ येऊन बघून गेल्या. म्हातारीनं सगळ्यात जवळून बघितलं आणि जागेवर जाऊन बसली.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," जाऊ म्हणाली. मग दगडावरचा गड्डा उचलून तिनं पुसला आणि टोपलीत परत टाकला. "चल गं नवे, मी येते बरोबर. दवाखान्यात खोटं दार तरी सांगावं लागणार नाही."

"आणि हा घेऊन जा," मावशीनं एक कोवळा गड्डा निवडून तिच्या हातात दिला. "डॉक्टरीणबाईला. सांग, उलटी वाटली की बारीक तुकडा, चघळायचा, गिळायचा नाही."

"म्हणजे आलं चालतंय तर."

"पोटाला चालतं. निघा."

दोघी गेल्या. मावशीनं नवीची तुटकी कामटी दाराच्या चौकटीत, सगळ्यांना दिसेल अशी खोचून ठेवली. "ज्याला लागेल त्यानं आधी कामटी आणून दाखवायची," ती म्हणाली. "टोक जागेवर असेल तर धुऊन पुढचं बघू. नसेल तर मला हात दाखवू नका."

"आणि असलं तर पिळायचा का?" म्हातारीनं विचारलं.

"धुवायचं आधी," मावशी म्हणाली, आणि डाव्या हातानं आणि दातांनी पट्टी परत गुंडाळायला लागली. गाठ काही जमेना. शेवटी म्हातारीनंच उठून बांधून दिली, जरा घट्टच.

बाहेर ऊन पडलं होतं. अंगणातलं आलं वरून पांढरट दिसायला लागलं होतं, म्हणजे खालून ओलं असणार. मावशीनं भिंतीला टेकलेलं दाताळं घेतलं, चार बोटांत धरलं, अंगठा बाहेर ठेवला, आणि कोपऱ्यापासून उलटायला सुरुवात केली.